मदत हवी आहे: दफनभूमीत अस्थींसाठी भिंत बांधायची आहे

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या आमच्या समाजाच्या जुन्या दफनभूमीत जागा संपत आलीय. जुन्या कबरींतल्या अस्थी ठेवायला कोनाड्यांची भिंत बांधायची आहे. कमिटीला चकचकीत ग्रॅनाइट हवाय. मला आपला काळा बेसॉल्टच बरा वाटतो. संगमरवर तर आपल्या पावसात शेवाळाने काळा पडतो. पण बेसॉल्टवर कोरलेली नावं रंग न भरता वाचता येतात का? भिंतीमागे पाणी तुंबू नये म्हणून खडीचा थर आणि पाइपची भोकं पुरतील?

गुलमोहराच्या मुळांनी चार कबरी उचलल्यात, म्हणून आता चाफाच लावतोय. (फांदी खोचली तरी जगतो बिचारा!)

२ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी निदान आराखडा हवा. असं काम केलेला आर्किटेक्ट किंवा पाथरवट कुणाच्या ओळखीत आहे का?