प्राथमिकमधून हायस्कूलला: पाचवी-सहावीचं पहिलं वर्ष कसं गेलं? अनुभव लिहा

लेक यंदा पाचवीला. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, घराच्या मागेच, सगळे विषय एकच बाई शिकवायच्या. आता तालुक्याचं हायस्कूल, तुकड्या, दर तासाला नवे सर, वर एसटीने ये-जा. ती खूश आहे, टेन्शन मला आलंय. उपदेश नको, तुमच्याकडे काय झालं ते सांगा.

•

आमची गेल्या वर्षी गेली. पासाचं आधी बघा, ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो, पण जूनमध्ये डेपोत ही गर्दी. खरी अडचण वेगळीच निघाली, शाळा सुटते पाचला आणि गाडी सहाची, मधला वेळ स्टँडवर. गावातली नववीतली एक पोरगी त्याच शाळेत आहे, तिला म्हटलं तायडे, हिला सोबत घेत जा. झालं काम. दिवाळीनंतर तर आमचीच कंडक्टरकाकांना कोण यायचं राहिलंय ते सांगायला लागली.

•

मी स्वतः पाचवी-सहावीला शिकवतो म्हणून जरा स्पष्ट लिहितो. प्राथमिकच्या बाईंना कोण न जेवता आलंय तेही कळतं, आमच्याकडे दिवसभरात चार-पाच तुकड्या, नावं पाठ व्हायलाच जुलै उजाडतो. त्यामुळे मूल गप्प बसलं तर बरेच दिवस आमच्या लक्षातच येत नाही, हे धरून चाला. पालकसभेची वाट न बघता वर्गशिक्षकांना पहिल्या पंधरवड्यात भेटून घ्या, आम्हाला राग येत नाही. आणि 2023-24 पासून पाचवीला ढकलगाडी बंद झालीय, वार्षिक परीक्षेत नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. तुम्हाला माहीत असू द्या, पोराला रोज ऐकवू नका.

•

आम्ही न्यू जर्सीत. आमच्या इथे मिडल स्कूल सहावीपासून. लेकाला अभ्यासाचं काही नव्हतं, धास्ती होती लॉकरच्या कुलपाची! आकडे फिरवायचं कुलूप, आधी उजवीकडे, मग डावीकडे अख्खा फेरा मारून दुसरा आकडा, परत उजवीकडे, आणि दोन तासांच्या मधे मिनिटं मिळतात चार. ऑगस्टमध्ये तसलंच एक आणून दिलं, टीव्ही बघता बघता उघडझाप चालायची. ओरिएंटेशनला वेळापत्रक हातात धरून तासांच्या क्रमाने सगळ्या खोल्या फिरून आलो, हे तिकडेही करता येईल की. कॅफेटेरियात कुणाशेजारी बसायचं हे मात्र आपल्या हातात नसतं, ते जमायला नाताळ आला.

•

पुणे. दप्तर!! सुरुवातीला रोज सगळी पुस्तकं न्यायचा. मग वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवलं, रात्री दप्तर त्यानेच भरायचं आणि वही राहिली तर शाळेत नेऊन द्यायची नाही असं ठरलं. तो आठवड्याभरात शिकला, वही घेऊन रिक्षात बसायला निघालेल्या आजीला थांबवणं जास्त अवघड गेलं.

•

सगळे पालकच बोलतायत म्हणून मुलाच्या बाजूने लिहितो. मी नवोदयला सहावीत गेलो, म्हणजे थेट हॉस्टेलच. घरचे भेटायला आले की पहिला प्रश्न, रडत नाहीस ना? आता यावर पोरगं काय बोलणार. मामा मात्र विचारायचा, मेसमध्ये काय होतं, शेजारच्या बेडवरचा कुठला, खेळायला घेतात का. त्याला सगळं न सांगता कळायचं.

•

एक विषय राहिला, पाळी. हल्ली कितीतरी मुलींना पाचवी-सहावीतच येते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड आणि जादा निकर ठेवून द्या, अचानक झालं तर कुणाकडे जायचं ते शाळेत विचारून लेकीला सांगून ठेवा. आमच्याकडे बाईंपेक्षा शिपाई मावशीच जवळच्या वाटतात मुलींना, पॅडचा पुडा त्यांच्याच कपाटात असतो.