शाळेची उन्हाळी सुट्टी किती दिवसांची असावी? इंदूर आणि शेजारच्यांचा अनुभव धागा

एप्रिल लागला की इंदूरच्या मराठी घरांत दोनच गोष्टी विचारल्या जातात: सुट्टी कधी लागणार आणि शाळा कधी उघडणार. मत सगळ्यांकडे असतं, इथे हिशेब हवा आहे. शाळेचं वेळापत्रक बसवणारे, शिकवणारे, मुलांना तपासणारे, इमारत आणि बस सांभाळणारे, सुट्टीत वर्ग घेणारे, सगळ्यांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहा. किती दिवस पुरतात, किती कमी पडतात, बिघडतं ते कुठे आणि का? ग्वाल्हेर-बडोदेकरांनीही जरूर लिहा, कारण ऊन सगळीकडे सारखं नसतं.

वेळापत्रक बसवणाऱ्या उपमुख्याध्यापिका, इंदूर

सुरुवात वजाबाकीने करू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे वरच्या वर्गांना रोज ४ तास ३३ मिनिटं प्रत्यक्ष शिकवणं.

३६५ मधून ५२ रविवार गेले, ३१३ राहिले. १ मे ते १५ जून ही सुट्टी ४६ दिवसांची, त्यात सहा-सात रविवार आधीच मोजलेले, म्हणजे ३९-४० दिवस आणखी गेले. सण, दसरा-दिवाळी आणि थंडीची छोटी सुट्टी मिळून तीसेक धरा. हातात २४० च्या आसपास दिवस उरतात. हे सहा दिवसांच्या आठवड्याचं गणित झालं. शनिवार-रविवार दोन्ही बंद ठेवणाऱ्या शाळेत हाच हिशेब २०० ते २१० वर येतो आणि सहावी-आठवीचे २२० दिवस भरतच नाहीत. त्यामुळे पाच दिवसांचा आठवडा आणि दीड महिन्याची सुट्टी दोन्ही हवी म्हणणाऱ्या पालकांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

सुट्टी एका आठवड्याने वाढली की सहा दिवस, म्हणजे सव्वासत्तावीस तास जातात. रोज २० मिनिटं जादा घेऊन ते भरायचे तर ८२ दिवस लागतात. ‘आठवडाभराने काय फरक पडतो’ याचं उत्तर हे आहे.

पण माझ्या मते सुट्टीच्या लांबीपेक्षा मोठी अडचण तिच्या जागेची आहे. आपल्याकडे सत्र १ एप्रिलला सुरू होतं. वीस-बावीस दिवस नवी इयत्ता शिकवायची, मग ४६ दिवस कुलूप. एप्रिलमध्ये पुस्तकं सगळ्यांकडे आलेली नसतात, नवे प्रवेश चालू असतात आणि उन्हामुळे शाळा सकाळची. ७.३० ते १२ मधून प्रार्थना आणि मधली सुट्टी वजा केली की पावणेचार तास राहतात. जूनमध्ये तोच पहिला धडा पुन्हा घ्यावा लागतो. एप्रिल ठेवायचाच असेल तर त्यात नवा पाठ सुरू करू नये. मागच्या इयत्तेतलं कच्चं पक्कं करावं, प्रयोगशाळेची ओळख करून द्यावी, वाचनालयाचे तास घ्यावेत. तसं केलं तर सहा आठवड्यांची सुट्टी परवडते. नाही केलं तर चार आठवड्यांचीही जड जाते.

तिसरी-चौथीला गणित आणि भाषा शिकवणाऱ्या बाई, इंदूर

सुट्टीत मुलं सगळं विसरत नाहीत. गोष्टीचा आशय, विज्ञानातल्या कल्पना, नकाशा हे बऱ्यापैकी टिकतं. जातं ते हाताच्या सवयीचं: हातच्याची वजाबाकी (विशेषतः मधे शून्य असलेली, ४०३ वजा १५७ सारखी), सातच्या पुढचे पाढे, भागाकारात शून्य लिहायचं राहणं, शुद्धलेखन आणि लिहिण्याचा वेग. अमेरिकेत १९९६ साली ३९ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही असाच होता. सुट्टीत सरासरी महिन्याभराच्या शिकण्याइतकं मागे पडतं आणि सर्वांत जास्त आकडेमोड व स्पेलिंग जातं. तिथली सुट्टी आपल्यापेक्षा लांब असते हे लक्षात घ्या, पण कोणत्या गोष्टी निसटतात ते इथल्या वह्यांतही तंतोतंत दिसतं.

म्हणून सुट्टीतला अभ्यास भरपूर नको, विखुरलेला हवा. पहिले दोन आठवडे काहीच नको, खरोखर काही नको. तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातले चार दिवस, रोज वीस मिनिटं. दहा गणितं, तीही मिसळून: तीन वजाबाकीची, दोन गुणाकाराची, दोन भागाकाराची, दोन वेळ किंवा पैशांची, एक शाब्दिक. एकाच प्रकारची दहा दिली की मूल चौथ्यापासून न वाचता सोडवतं आणि सराव झाल्याचा नुसता भास होतो. शेवटी पाच ओळी शुद्धलेखन. उत्तरं त्याच दिवशी तपासायची, कारण चुकीची रीत आठवडाभर घोटली गेली की ती मोडायला जूनमधले दहा दिवस जातात.

सगळ्यांत जास्त नासाडी प्रकल्पांमुळे होते. थर्माकोलचा ज्वालामुखी, चार्ट, चिकटवही, सगळं शेवटच्या तीन दिवसांत आईबाबांच्या हातून किंवा दुकानातून तयार होऊन येतं. त्याऐवजी मुलाला एकट्याला जमेल असं काम द्यावं: रोज सकाळी आणि दुपारी तीन वाजता घरातलं तापमान लिहून ठेवणं, किराण्याच्या पावतीची बेरीज पडताळणं, आजोबांना वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचून दाखवणं.

शाळा उघडल्यावर पहिले आठ दिवस उजळणीचे. पहिल्या दिवशी चाचणी घेऊन गुण लावू नयेत. कोण कुठे अडलंय ते पाहावं आणि तीन-चार गट करावेत. हे आठ दिवस वर वजाबाकीत धरलेले नाहीत, ते धरायला हवेत.

बालरोगतज्ज्ञ, इंदूर

सुट्टीची तारीख ठरवताना दुपारचं कमाल तापमान पाहिलं जातं. मुलाला बाधतो तो घरी परतण्याचा तास. इंदुरात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असतं आणि पारा सर्वांत वर जातो तो तीनच्या सुमारास. पण साडेबाराला सुटलेलं मूल बसमध्ये पाऊण तास बसलं तर सव्वा वाजतो, आणि उन्हात उभी राहिलेली बस आतून बाहेरच्यापेक्षा खूप तापलेली असते. बंद वाहनात पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंश वाढतात. बस भरण्याआधी पाच मिनिटं सगळ्या खिडक्या-दारं उघडी ठेवायची, एवढी साधी गोष्ट कितीतरी ठिकाणी होत नाही.

मैदानी भागात ४० अंशांवर तापमान आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त असेल, किंवा थेट ४५ अंश गाठले असतील, तर हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. अशा दिवशी पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या पत्र्याच्या छपराखालचा वर्ग सकाळी दहानंतर वापरू नये. लाट एप्रिलमध्येही येते, म्हणून शाळांनी सुट्टीआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांची वेगळी तयारी ठेवावी.

डोकेदुखी, मळमळ, खूप घाम, पायात गोळे: सावलीत न्या, कपडे सैल करा, ओआरएस घोटघोट द्या. पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवा, अर्धं पाकीट अंदाजाने नको. घरी करायचं तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मूल असंबद्ध बोलू लागलं, झटका आला किंवा अंग भाजल्यासारखं तापलं तर हा उष्माघात आहे. अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट रुग्णालयात. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही पाजू नका.

जून उघडतानाचा धोका वेगळा आहे. सहा आठवडे कूलर-एसीत राहिलेल्या शरीराची उन्हाची सवय मोडलेली असते. ती परत यायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात मैदानावर कवायत, धावणं नको. नेमकं तेव्हाच १५ ऑगस्टच्या पथकाची निवड सुरू होते.

शिक्षक, ग्वाल्हेर

इंदूरकरांना १६ जूनला शाळा उघडणं सोसतं, कारण माळव्याच्या पठारावर तोवर वळवाचे दोन-चार शिडकावे होऊन गेलेले असतात आणि रात्री गार पडतात. आमच्याकडे त्याच तारखेला लू चालू असते, पाऊस नेहमीच उशिरा. राज्य एक म्हणून आदेश एक. मग कलेक्टर आयत्या वेळी वेळ बदलतात किंवा सुट्टी वाढवतात, आणि पालकांना आदल्या रात्री कळतं. महाराष्ट्रात विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात, ते उन्हामुळेच. ग्वाल्हेर-चंबळला तसंच करा: १० मे ते ३० जून. मेचे पहिले नऊ दिवस सकाळी ७ ते ११ शाळा घेऊन ते दिवस आधीच भरून घ्यावेत. पण वेळ खरोखर ११ ची हवी, साडेबाराची नको.

पालक-शिक्षक समितीतलं काम पाहणाऱ्या ताई, बडोदे

गुजरात बोर्डाच्या शाळांत उन्हाळी सुट्टी ३५ दिवसांची आणि दिवाळीची २१ दिवसांची. २०२५ मध्ये ती ५ मे ते ८ जून होती. दोन्ही मिळून ५६ दिवस, म्हणजे एकूण विश्रांती तुमच्यापेक्षा फारशी कमी नाही, फक्त वाटणी वेगळी. वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि एप्रिल परीक्षेत जातो, त्यामुळे वर उपमुख्याध्यापिकांनी लिहिलेला एप्रिल-जूनचा खड्डा इथे नाही. दिवाळीचे तीन आठवडे मुलांना खूप मोलाचे: हवा चांगली असते, बाहेर खेळता येतं, गावी जाता येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी नऊ ते सहा मूल घरातच कोंडलेलं असतं. दहा दिवस उन्हाळ्यातून काढून दिवाळीला दिले तर मुलांना सुट्टी जास्त मिळाल्यासारखी वाटते.

अडचण एकच. एका घरात एक मूल गुजरात बोर्डात आणि दुसरं केंद्रीय बोर्डाच्या शाळेत असेल तर दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत.

शाळेची इमारत आणि बस सांभाळणारे काका, इंदूर

सुट्टी कमी करा म्हणणाऱ्यांनी हेही धरावं की मोठी कामं वर्ग रिकामे असतानाच होतात. किमान २१ दिवस सलग लागतात, आणि क्रम चुकला की पैसे वाया.

आधी गच्ची आणि पन्हाळी साफ. मग भेगा भरणं, वॉटरप्रूफिंग, त्यावर सात दिवस पाणी मारणं. त्यानंतर गच्चीवर २४ ते ४८ तास पाणी साठवून गळती पाहायची. इथे मे महिन्यात पाण्याची ओढ असते, म्हणून ही चाचणी टाळली जाते आणि जुलैत नवा रंग फुगून येतो. रंग सगळ्यांत शेवटी. विजेचं काम रंगाच्या आधी.

पाण्याची टाकी शाळा उघडण्याआधी तीन दिवसांत: रिकामी करून घासायची, धुवायची, भरायची, मग १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि किमान एक तास थांबायचं. पावडरचा डबा मागच्या वर्षीचा उघडा असेल तर तिचा जोर गेलेला असतो. नळांच्या शेवटच्या टोकाचं पाणी दहा मिनिटं सोडून द्यावं, दीड महिना ते पाइपात पडलेलं असतं.

बस दीड महिना तशीच उभी ठेवली तर बॅटरी उतरते आणि टायर एका बाजूला बसतात. निगेटिव्ह वायर काढून ठेवा, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बस फिरवा. फिटनेसची तारीख जूनमध्ये येत असेल तर मेमध्येच उरकून घ्या, जूनमध्ये सगळ्याच शाळांच्या बसेस रांगेत असतात.

मुलांचे मराठी वर्ग घेणाऱ्या बाई, इंदूर

इंदूरच्या मराठी मुलांना मराठी मिळते ती घरात आणि या सुट्टीत, शाळेत बहुतेकांना नाही. म्हणून सुट्टी पाच आठवड्यांच्या खाली आली तर आमचा वर्ग बसत नाही. पहिला आठवडा मुलं गावी जातात, शेवटचा वह्या-गणवेशात जातो. मधले चार-पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, ४५ मिनिटं. पाच आठवडे मिळाले तर जेमतेम १९ तास. तेवढ्यात आठ-दहा वर्षांचं मूल सोपं पुस्तक स्वतः वाचू लागतं, कारण देवनागरी त्याला हिंदीतून आधीच येते.

त्या येण्यातच अडचणीही असतात. ‘ळ’ चा ‘ल’ होतो. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ मधला च सारखाच म्हटला जातो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य बघून मुलं ‘सूर्य’ सारखा वाचतात. पहिला आठवडा फक्त कानाचा ठेवावा: ऐकणं आणि म्हणणं, लिहिणं नाही. दुसऱ्यापासून लिंग. हिंदीत दोन, आपल्याकडे तीन, त्यामुळे ‘माझी पुस्तक’, ‘विजय झाली’ अशी वाक्यं येतात. यादी पाठ करून घेऊ नये. प्रत्येक नाम ‘तो, ती, ते’ लावूनच म्हणायचं, वस्तू हातात घेऊन. तिसऱ्या आठवड्यापासून रोज दहा ओळी मोठ्याने वाचन, आणि चुकलं की मधे न थांबवता ओळ संपल्यावर सांगणं.

वर्ग सकाळी ८ ते ८.४५ घ्या. संध्याकाळचा वर्ग पोहणं, क्रिकेट आणि लग्नकार्यं खाऊन टाकतात. घरच्यांनी या काळात मुलाशी बोलताना हिंदीवर घसरू नये, आजी-आजोबांनी विशेषतः, कारण नातवंडाला पटकन कळावं म्हणून सगळ्यांत आधी तेच हिंदी बोलतात.

गावी जाणाऱ्यांसाठी, एक नोकरदार आई, इंदूर

तारखा किती दिवसांच्या याहून त्या कधी जाहीर होतात याला आमच्या घरी जास्त महत्त्व. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १ मेची पुणे किंवा मुंबईची गाडी हवी तर २ मार्चला सकाळी ८ वाजता तयार राहावं लागतं. परतीचं १४ जूनचं आरक्षण १५ एप्रिलला. सुट्टीचा आदेश मार्चनंतर आला की उरते प्रतीक्षायादी. पाच वर्षं पूर्ण ते बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं भाडं फक्त बर्थ न घेतल्यास, बर्थ हवा तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासात आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा वेगळा बर्थ घ्याच.

नोकरदार जोडप्याने ४६ दिवसांचे तुकडे आधीच पाडावेत: दोघांनी वेगवेगळ्या आठवड्यांत रजा घ्यायची, एकत्र फक्त प्रवासाचे दिवस. आजी-आजोबांकडे सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये. मुलांसाठी नाही, उन्हात त्यांचाच जीव दमतो म्हणून. शाळांनी तारखा फेब्रुवारी संपायच्या आत कळवाव्यात, आणि १५ जूनचं १९ जून करायचं असेल तर तेही तेव्हाच सांगावं.