मदत हवी आहे: काचबिंदूची फेलोशिप की कोल्हापुरातच दवाखाना?

गाळा_नंबर_सात: बहिणीला तमिळनाडूत काचबिंदूची फेलोशिप मिळत्येय, दोन वर्षं. बाबांनी राजारामपुरीत गाळा बघून ठेवलाय. शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचंय. माहितगारांनीच लिहा, 'मनाचं ऐक' वगैरे नको.

पंचगंगाकाठ: डोळ्यांचं एमएस झालंय की नुसतं एमबीबीएस?

गाळा_नंबर_सात: एमएसच की! त्याशिवाय फेलोशिप कोण देतंय?

पंचगंगाकाठ: लिहिलं नाही तर आम्हाला स्वप्न पडणार होय? बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं काय?

चष्मेवाला_मिरज: जाऊ दे तिला. एमएसच्या तीन वर्षांत मोतीबिंदूवर हात बसतो, पण गोनिओस्कोपीत, म्हणजे भिंगातून बघताना, डोळ्यातलं पाणी निचरा होतं तो कोन उघडा की बंद, हे रोज ढिगाने डोळे बघूनच कळायला लागतं. ट्रॅबचं, म्हणजे त्या पाण्याला नवी वाट काढायचं ऑपरेशन एकवेळ शिकता येईल. खरी कसोटी नंतर. आज डोळ्याचं प्रेशर ४, आठवड्याने ३०. टाका कधी सोडायचा, ते शेजारी सीनियर उभा असल्याशिवाय उमगत नाही.

फेकोदादा: सगळं खरं, पण पोट मोतीबिंदूवरच भरतं. काचबिंदू दुखत नाही म्हणून पेशंट येत नाही, आणि ड्रॉप टाकून नजर सुधारत नाही म्हणून परत येत नाही. पेरिमेट्रीचं, म्हणजे नजरेचा घेर तपासायचं मशीन घेऊन बसा, पेशंट बटण हातात धरून डुलक्या काढतो. मी फेलोशिप न करता बारा वर्षं मजेत आहे.

चष्मेवाला_मिरज: तुमच्याकडचे किती पेशंट पुण्याला पाठवता, तेपण सांगा की.

फेकोदादा: पाठवतो, त्यात लाज कसली?

उत्तरेश्वरची_काकू: माझ्या जाऊबाईंना काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनी धाप लागायची. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा बरं.

पंचगंगाकाठ: काकू, बरोबर आहे, पण तो विषय नाही हो.

तिखट_कट: तमिळनाडूतलं मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ ला ११ खाटांवर सुरू झालं. आणि आपण गाळा बघतोय.

गाळा_नंबर_सात: अरे, फेलोशिप अरविंदची आहे असं मी कुठं म्हटलं? आणि बाँड चालू आहे, गडहिंग्लजला. पाच महिने राहिलेत.

पंचगंगाकाठ: हेच मघाशी विचारलं होतं! फेलोशिपला जॉइन कधी व्हायचंय?

गाळा_नंबर_सात: पुढच्या महिन्यात.

पंचगंगाकाठ: मग शुक्रवारी होय म्हणून करणार काय? बाँड पूर्ण झाल्याशिवाय सोडतील का? आधी तिकडे फोन करून तारीख पुढे ढकलता येते का विचारा. पुढच्या बॅचला घेतात का तेपण. गाळ्याचं नंतर.

गाळा_नंबर_सात: हे आमच्यात कुणी बोललंच नाही. तिची ओपीडी चालू आहे, दुपारी फोन लावतो.

तिखट_कट: गाळा कितीला सांगतायत?