सोलरसाठी जमवलेला फंड गळक्या छताला वापरायचा का?

पंच_मंडळातला
आमच्या पंच कमिटीत दोन महिने एकाच गोष्टीवर वाद चाललाय आणि मला ते मनातून जात नाहीये, म्हणून इथे मांडतो. दीड वर्षापूर्वी आम्ही मंडळीपुढे अपील केलं की चर्चच्या छतावर सोलर पॅनल बसवायचेत, वेगळी पाकिटं छापली, त्यावर स्पष्ट "सोलर फंड" लिहिलं, लोकांनी मनापासून दिलं, लहान मुलांनी साठवलेली चिल्लर आणून दिली. जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम जमली. आता काम देण्याआधी छत तपासून घेतलं तर निम्मे वासे कुजलेले, पन्हळी तुंबून पाणी भिंतीत मुरतंय, आणि तपासणाऱ्याने सरळ सांगितलं की या छतावर एकही पॅनल चढवू नका.
कमिटीतले बहुतेक जण म्हणतात सोलर फंडातूनच छत करून घेऊ, शेवटी पॅनल बसणार कुठे, छतावरच ना. मी एकटा नाही म्हणतोय. छत करायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही, पण ज्या नावाने पैसा मागितला त्या नावाला तो लागला पाहिजे आणि दुसरीकडे वळवायचा तर आधी देणाऱ्यांना विचारा. त्यावर मला "तू कामात खोडा घालतोस" असं ऐकून घ्यावं लागलं. तुम्हाला काय वाटतं?

छत_आधी
दादा, मला तुमचं पटत नाही, स्पष्टच बोलते. छत आणि पॅनल ही दोन कामं आहेत हे तुम्ही कागदावर ठरवलंत, प्रत्यक्षात ते एकच काम आहे. पॅनल 25 वर्षं आणि त्याहून जास्तही चालतात, मग खालचं छत तेवढं टिकायला नको? कच्च्या छतावर बसवलेत आणि पाच वर्षांनी दुरुस्ती निघाली तर सगळे पॅनल, वायरिंग, स्टँड उतरवायचे, परत चढवायचे, तो खर्च कोण देणार? ज्याने सोलरला पैसे दिले त्याला पॅनल नीट बसावेत असंच वाटत असणार. पाया खणायला लागलेला खर्च इमारत फंडातला नाही असं कोणी म्हणतं का? आणि पाऊस तुमच्या मीटिंगसाठी थांबत नाही, रोज भिंत भिजतेय.

वहीखातं
मी बरीच वर्षं चर्चचा खजिनदार होतो म्हणून थोडं लांब लिहितो. चर्चच्या वहीत तीन प्रकारचा पैसा असतो आणि निम्मी भांडणं या तिघांची गल्लत झाल्यामुळे होतात. पहिला जनरल फंड, म्हणजे रविवारचं दानार्पण, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) वगैरे, हा कमिटी चर्चच्या कुठल्याही कामाला वापरू शकते. दुसरा, कमिटीने स्वतःच जनरलमधून बाजूला काढून ठेवलेला पैसा, समजा रंगकामासाठी ठेवला, तर उद्या ठराव करून कमिटी तो परत फिरवू शकते कारण ठरवणारीही तीच. तिसरा, देणाऱ्याने काम सांगून दिलेला पैसा. हा कमिटीचा नाहीच, कमिटी फक्त राखणदार. इंग्लंडसारख्या ठिकाणी तर तो दुसरीकडे लावणं म्हणजे विश्वस्ताने विश्वास मोडणं धरलं जातं आणि कमिटीच्या मेंबरवर स्वतःच्या खिशातून भरून द्यायची पाळी येऊ शकते. तुमचा सोलर फंड तिसऱ्यातला.
आणि शास्त्रातच बघायचं तर बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाचा 12 वा अध्याय काढा. योआश राजाच्या काळात मंदिराची दुरुस्ती वर्षानुवर्षं रखडली, पैसे येत होते पण काम होत नव्हतं. मग यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, पैसे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक अशा दोघांनी मिळून मोजले आणि ते सुतार, गवंडी, पाथरवट यांना दिले. आणि तिथे मुद्दाम लिहिलंय की त्या पैशातून मंदिरासाठी चांदीची भांडी केली नाहीत. भांडी पण देवाच्याच घराची होती ना, तरी नाही केली!

छत_आधी
काका, त्याच अध्यायात पुढे हेही आहे की काम करवून घेणाऱ्यांकडून हिशोब मागत नसत कारण ते प्रामाणिकपणे वागत. म्हणजे विश्वासही शिकवलाय. आणि ती पेटी कशासाठी होती? दुरुस्तीसाठीच!

वहीखातं
बरोबर, पेटी दुरुस्तीची होती म्हणून दुरुस्तीला गेली, मीही तेच म्हणतोय ताई. आणि मोजणारे दोघं होते म्हणून पुढे विश्वास ठेवता आला. बाकी तुमचा पायाचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो एका हद्दीपर्यंत. पॅनलच्या वजनासाठी जिथे आधार वाढवायचा तेवढा भाग सोलरचा खर्च म्हणून दाखवता येईल. पण पन्हळी आणि कुजलेले वासे सोलर नसतं तरी करावेच लागले असते, ते इतकी वर्षं झालं नाही ही कमिटीची चूक आहे, तिचं बिल देणाऱ्यांच्या माथी मारू नका.

मीटर_वाचा
मला मुळात सोलरच पहिलं का निवडलं हे समजलं नाही. चर्च आठवड्यातले किती तास भरलेलं असतं? एक उपासना, एखादी प्रार्थनासभा, संडे स्कूल. पॅनल मात्र सातही दिवस वीज बनवणार. तुमची वीज कंपनी जास्तीची वीज परत घेऊन बिलात वळती करत असेल तरच हिशोब जमतो, नाहीतर ती वीज वापरणार कोण? बॅटरी घ्या म्हणाल तर तो वेगळाच खर्च, आणि पॅनल जरी पंचवीस वर्षं चालले तरी इन्व्हर्टर साधारण 10 ते 15 वर्षांत बदलावा लागतो, हे अपीलमध्ये कोणी सांगत नाही.
एक वर्षाची बिलं पुढ्यात घेऊन बसा. जुने पिवळे बल्ब असतील तर एलईडीने दिव्यांचा खर्च एक चतुर्थांशाच्या आसपास येतो. जिथे थंडी असते तिथे उंच छताच्या चर्चमध्ये हिटर लावले की गरम हवा वर जाऊन बसते आणि खाली माणसं कुडकुडतात, म्हणून बाकाखाली हिटर लावून माणसाला ऊब देणं कितीतरी स्वस्त पडतं. आणि पन्हळी साफ ठेवणं हे पर्यावरणाचंच काम आहे हो, ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता बाहेर घालवते. पण पन्हळीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही, त्यामुळे तिच्यासाठी फंड काढायला कोणी उभं राहत नाही. लूकच्या शुभवर्तमानात, 14 व्या अध्यायात, बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करायला सांगितलंय, तो आधी करा.

उत्पत्ती_2_15
हिशोब हिशोब करताय सगळे पण निकडीचं कोणी बोलत नाहीये याचं मला वाईट वाटतं. बायबलमध्ये एदेन बागेची मशागत आणि राखण हे माणसाला दिलेलं पहिलं काम होतं. व्हॅटिकनने 2008 मध्येच पॉल सहावे सभागृहाच्या छतावर दोन हजारांच्या वर पॅनल बसवले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये पर्यावरणाच्या राखणीवर जगाला परिपत्रक लिहिलं. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने, म्हणजे तिथल्या निर्णय घेणाऱ्या सभेने, फेब्रुवारी 2020 मध्ये 2030 पर्यंत नेट झिरो (कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्य) व्हायचं ठरवलं. आणि आपण अजून वासे कोणत्या खात्यात टाकायचे यावर अडलोय. माझी मुलगी विचारते, आपलं चर्च काय करतंय, तिला मी काय सांगू? दिसणारं काहीतरी उभं राहिलं की तरुण पोरं जोडली जातात, पैसाही त्यानंतर येतो.

मीटर_वाचा
चर्च ऑफ इंग्लंडचंच उदाहरण घ्या की. नुसता ठराव करून ते थांबले नाहीत, त्यासाठी 19 कोटी पौंड वेगळे काढले. शिवाय तिथे चर्चच्या इमारतीची दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाकडून तपासणी करावी लागते. तुमच्याकडे अशी तपासणी असती तर अपील करायच्या आधीच वासे दिसले असते. तुमच्या मुलीला सांगा की आम्ही आधी छत वाचवतोय, हे तिला नक्की कळेल.

मागचा_बाक
मी कमिटीवर नाही, साधी मेंबर आहे, पेन्शनवर राहते. मीही त्या पाकिटात टाकले होते. मला कोणी विचारलं असतं की छताला वापरू का तर मी एका मिनिटात हो म्हटलं असतं. पण न विचारता वापरले आणि नंतर मला दुसऱ्या कोणाकडून कळलं तर पुढच्या वेळी पाकीट हातात घेताना माझा हात अडखळेल, खरं सांगते. आणि अजून एक, दर काही महिन्यांनी नवीन अपील येतं, देणारी माणसं तीच असतात, जनरलमध्ये कमी पडलं की पहिला फटका गरजू कुटुंबांच्या मदतीला बसतो. ती मदत कमी करून छत पण नको आणि सोलर पण नको.

छत_आधी
मावशी, तुमचं वाचून थांबले. विचारायला माझाही विरोध नाही, मला भीती एवढीच की विचारत बसण्यात आणखी एक पावसाळा जाईल.

पंच_मंडळातला
सगळ्यांचे आभार, विशेषतः मावशींचे. काल पाळकसाहेबांशी आणि सेक्रेटरींशी बसलो. छत_आधी ताईंची भीती खरी आहे म्हणून पन्हळी आणि सगळ्यात खराब चार वासे या आठवड्यात जनरल फंडातून करायचे असं ठरतंय, मदतीच्या रकमेला हात न लावता. सोलर फंड आहे तसाच बँकेत राहील. येत्या रविवारी देणाऱ्या प्रत्येकाला चिठ्ठी जाईल, त्यात तीनच पर्याय, माझे पैसे सोलरलाच ठेवा, छताला वापरा, किंवा परत द्या. ज्यांनी नाव न लिहिता टाकले त्यांच्यासाठी उपासनेनंतर सभा घेऊन विचारू. छताचं अपील वेगळं निघेल आणि त्याच्या पाकिटावर आधीच छापायचं की रक्कम उरली किंवा काम झालं नाही तर ती इमारतीच्या इतर दुरुस्तीला जाईल, ही ओळ मागच्या वेळी राहिली, आणि ते पाकीट मीच छापायला दिलं होतं.
मीटर_वाचा, वर्षभराची बिलं काढलीत, पण त्यात दोन महिन्यांची मिळत नाहीयेत. आकडे नीट लावून इथेच टाकतो, बघून सांगा.

वहीखातं
वीज कंपनीच्या ऑफिसात ग्राहक क्रमांक दिला की जुनी बिलं मिळतात. आणि चिठ्ठीवर उत्तराची शेवटची तारीख टाका, नाहीतर वर्षभर उत्तरं येत राहतील आणि फंड तसाच अडकून पडेल.