इंदूरला मॅजिक: द गॅदरिंग या कार्ड गेमच्या टूर्नामेंटमध्ये माझा क्रीचर डेक (लढणाऱ्या प्राण्यांच्या कार्डांचा गठ्ठा) सारखा हरतोय

पलासियाजवळ रविवारी आम्ही आठ-दहा जण खेळतो, माझा हिरवा एल्फ डेक आहे, चौथ्या टर्नपर्यंत सात-आठ क्रीचर उतरवतो आणि समोरचा चार मानाचं (माना म्हणजे कार्ड टाकायला लागणारी शक्ती) रॅथ ऑफ गॉड हे कार्ड टाकून मैदानातले सगळे क्रीचर साफ करतो, मग हातात कार्डच उरत नाही. काय करू?

— अरे भिया, सगळं उतरवतोसच कशाला? रॅथ पांढरं कार्ड आहे, समोर पांढरा डेक दिसला की तीन-चार क्रीचरनीच मार, बाकी हातात धर. त्याचे २० लाइफ एका टर्नमध्ये संपवायची घाई तुला नडते.

— बरोबर, पण फार धरून बसलं तर त्यालाच वेळ मिळतो, मी असाच दोनदा हरलोय. साइडबोर्डच्या (दोन गेममध्ये बदलायला बाजूला ठेवलेल्या) १५ कार्डांत हिरोइक इंटरव्हेन्शन ठेव, दोन मानात तुझं सगळं इन्डिस्ट्रक्टिबल, म्हणजे नष्टच होत नाही, रॅथ वाया. फक्त त्यासाठी दोन लँड (माना देणारी कार्डं) मोकळे ठेवायचे, तिथेच आपला हात शिवशिवतो.

— कलेक्टेड कंपनी हे कार्ड पण बघ, इन्स्टंट आहे, म्हणजे समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येतं, त्याच्या टर्नच्या शेवटी टाकायचं, डेकच्या वरच्या सहा कार्डांतून तीन मानापर्यंतचे दोन क्रीचर थेट मैदानात. महाग आहे मात्र, आधी कुणाकडून उसनं घेऊन खेळ.

— थँक्स मंडळी. रविवारी छप्पन दुकानवर पोहे माझ्याकडून, जिंकलो तर जिलबी पण.