व्हिटेकरला १५ मतं, मॅटिंग्लीला १५ वर्षं: हा पक्षपात नाही तर काय?

मिशिगनवासी

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी, २००१ मध्ये ५१५ पत्रकारांनी मतं दिली. निवडून यायला ७५ टक्के मतं लागतात. पाच टक्क्यांच्या खाली गेलात, तर पत्रकारांच्या यादीतून कायमचे बाद. त्या वर्षीच्या नव्या नावांत न्यूयॉर्क यांकीजचा माजी कॅप्टन डॉन मॅटिंग्ली होता, त्याला १४५ मतं. आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा फिल्डर) लू व्हिटेकर होता, त्याला १५. मॅटिंग्ली पुढे २०१५ पर्यंत यादीत राहिला. व्हिटेकर पहिल्याच वर्षी उडाला.

आता खेळ बघा. व्हिटेकर १९७७ पासून १९९५ पर्यंत एकाच टीमकडून खेळला. २,३६९ हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), २४४ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके), उत्तम फिल्डिंगचे ३ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, १९८४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली. 'वॉर' नावाचा एक हिशेब असतो: या खेळाडूऐवजी कामचलाऊ बदली माणूस उभा केला असता, तर टीमचे किती विजय कमी झाले असते? त्यात व्हिटेकर ७५ च्या आसपास, मॅटिंग्ली ४२ च्या. आणि यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर) डेरेक जीटर? ७१-७२. तो २०२० मध्ये ३९७ पैकी ३९६ मतं घेऊन आत गेला. फिल्डिंगच्या आकड्यांत तर जीटर शॉर्टस्टॉप्समध्ये अगदी तळाला आहे. पण त्याची ती उडी मारून केलेली फेक टीव्हीवर इतक्या वेळा दाखवली गेली, की लोकांना तो महान फिल्डर वाटतो. खेळायचं न्यूयॉर्कला, मग सगळं माफ.

ब्रॉन्क्सवाला

साफ असहमत. जीटरवर राग काढायचा असेल तर आधी कोण कशाला मत देतं ते बघा. गोल्ड ग्लव्ह त्या काळी मॅनेजर आणि कोच ठरवायचे, पत्रकार नाही. ऑल-स्टारची, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्याची, सुरुवातीची टीम प्रेक्षक निवडतात. पत्रकारांच्या हातात एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, असतो, आणि तो जीटरला एकदाही मिळाला नाही! २००६ मध्ये त्याची बॅटिंगची सरासरी .३४३ होती (दर हजार प्रयत्नांत ३४३ हिट), तरी पुरस्कार मिनेसोटाच्या जस्टिन मॉर्नोला गेला. कुठे होता तेव्हा न्यूयॉर्कचा दबदबा?

मॅटिंग्लीचं म्हणाल, तर १५ वर्षं यादीत राहूनही पत्रकारांनी त्याला आत घेतलं नाही. पहिल्या वर्षीचे २८ टक्के हेच त्याचे सर्वाधिक.

आणि मोठ्या शहराच्या पेपरांनी सगळं होतं, तर मुंबईत वर्षानुवर्षं विकेट काढणारे पद्माकर शिवलकर एक तरी कसोटी खेळले असते.

जीटर प्लेऑफ्सचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, १५८ सामने खेळला. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण हंगाम, तोही सगळ्यात कसलेल्या पिचर्ससमोर (चेंडू टाकणाऱ्यांसमोर). २०० हिट, सरासरी .३०८. तुमच्या त्या ७१-७२ वॉरमध्ये यातलं काहीही धरलेलं नाही.

सिअ‍ॅटलकर

घड्याळाचा मुद्दा कुणी काढला नाही. आमच्याकडे संध्याकाळी सातला मॅच सुरू होते तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे दहा वाजलेले असतात. पेपर छापायला जायची वेळ होते, इथे अजून तिसरी इनिंग चालू. खेळ बघितलाच नाही तर लिहिणार काय?

ब्रॉन्क्सवाला

@सिअ‍ॅटलकर, पश्चिम किनाऱ्यापुरतं मान्य. पण डेट्रॉइटचं घड्याळ आणि आमचं घड्याळ एकच आहे. व्हिटेकरला ते लागू होत नाही.

मिनियापोलिसची मावशी

तुम्ही दोघंही शहरातच अडकलात. २००१ च्या त्याच मतदानात आमचा कर्बी पकेट पहिल्याच वर्षी ८२ टक्के मतं घेऊन निवडून आला. मिनेसोटा काही न्यूयॉर्क नव्हे. पकेटचा वॉर ५१, म्हणजे व्हिटेकरपेक्षा कितीतरी कमी. मला पकेट जिवापाड आवडायचा, तरी हे लिहायलाच हवं. त्याच्यामागे गोष्ट होती. १९९१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात अकराव्या इनिंगमध्ये त्याने होमरन मारला आणि सिरीज सातव्या सामन्यात गेली. पुढे काचबिंदूने एका डोळ्याची दृष्टी गेली आणि १९९६ मध्ये खेळ थांबला. कुणाचंही मन हलेल.

पत्रकारांचा पक्षपात असतो, पण तो गोष्टीच्या बाजूने असतो. आणि कधी कधी स्वभावाच्या विरुद्ध. १९९५ मध्ये अल्बर्ट बेलने एकाच हंगामात ५० होमरन आणि ५२ डबल (थेट दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) मारले, तसं आधी कुणालाच जमलं नव्हतं. पण पत्रकारांशी त्याचं वाकडं होतं. एमव्हीपी ३०८ विरुद्ध ३०० गुणांनी बॉस्टनच्या मो वॉनला गेला.

मिशिगनवासी

मावशी, पकेटचं उदाहरण मला गप्प करून गेलं. 'सगळा न्यूयॉर्कचा दोष' हे मागे घेतो. व्हिटेकर शांत माणूस, पत्रकारांना खमंग वाक्य कधी दिलं नाही. त्याची जी एक गोष्ट सगळीकडे सांगतात ती १९८५ च्या ऑल-स्टारची, तुमच्याच गावातली: युनिफॉर्म घरी विसरला म्हणून चाहत्यांसाठीची जर्सी विकत घेतली, पाठीवर मार्करने १ काढला आणि मैदानात उतरला. अ‍ॅलन ट्रॅमलबरोबर तो १,९१८ सामने खेळला, सेकंड बेसमन आणि शॉर्टस्टॉपची इतके सामने एकत्र खेळलेली जोडी अमेरिकन लीगमध्ये (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक) दुसरी नाही. ते मात्र आमच्या गावाबाहेर कुणाला आठवत नाही.

पण पाच टक्क्यांच्या नियमावर मी ठाम आहे. पत्रकाराला एका पत्रिकेवर फक्त दहा नावं लिहिता येतात. गर्दीच्या वर्षात शांत माणूस चिरडला जातो, आणि पुढच्या वर्षी कुणाला उपरती झाली तरी नाव यादीतच नसतं. मॅटिंग्लीला पुनर्विचाराच्या चौदा संधी मिळाल्या, व्हिटेकरला शून्य.

ब्रॉन्क्सवाला

जीटरवरून एक पाऊल मागे घेणार नाही. पण व्हिटेकरचे आकडे काल रात्री बसून पाहिले, आणि १५ मतं हा अन्यायच. जुन्या खेळाडूंचा फेरविचार करणाऱ्या समितीमार्फत मागच्या दाराने येता येतं ना?

मिशिगनवासी

येतं. ट्रॅमल २०१८ मध्ये तसाच आत गेला. व्हिटेकरचं नाव डिसेंबर २०१९ मध्ये समितीपुढे आलं होतं. १६ पैकी १२ मतं हवी होती, सहा मिळाली. शिकागोचा रॉन सँटो डिसेंबर २०१० मध्ये वारला आणि समितीने त्याला डिसेंबर २०११ मध्ये निवडलं. व्हिटेकरचा जन्म १९५७ चा आहे. त्याचं भाषण मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे.