किंमत लावली की माणुसकी आटते का?

औदुंबर
माझं मत: प्रत्येक गोष्टीला किंमत लावली की माणसं जे आपणहून करत होती तेही थांबतं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच वाटायचा. दंड भरल्यावर तो जादा वेळ विकत घेतल्यासारखा झाला. पुढे दंड रद्द केला, तरी उशीर घटला नाही. मोडलेला संकोच परत आला नाही, आणि मला तोच भाग सगळ्यात गंभीर वाटतो.

रोखठोक
तो दंड 10 शेकेल, म्हणजे अगदी किरकोळ होता. पाचपट लावला असता तर पालक वेळेवर आले असते. आणि ‘आपणहून’ म्हणजे नेमकं कोण? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातल्या बिनपगारी सेवेच्या कामाचे 76 टक्के तास बायका भरतात. आजाऱ्याचं अंथरूण बदलणं, रात्रीची जागरणं, औषधांच्या वेळा सांभाळणं. या कामाला किंमत लागली तेव्हाच ‘नाही’ म्हणायची सोय झाली. किंमत लावण्याला नावं ठेवताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

मैत्रेयी
रोखठोक, सेवेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण किंमत कशी लावली जाते तेही पाहा. अॅपवरच्या कामात फेरीगणिक पैसे मिळतात, दोन फेऱ्यांमधल्या थांबण्याचे शून्य. बोनस ठरावीक फेऱ्या पूर्ण झाल्यावरच. दोन फेऱ्या कमी पडल्या की अख्खा बोनस जातो, म्हणून माणूस तापातही बाराव्या तासाला गाडी हाकतो. वर त्याला सांगायचं, तू तुझाच मालक! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अंदाजानुसार आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो.

रोखठोक
हा दोष कराराचा आहे, किमतीचा नाही. थांबण्याचे पैसे द्या, बोनस प्रत्येक फेरीमागे विभागून द्या, आजारपणाच्या रजेसाठी कंपनीने दर फेरीमागे निधीत रक्कम भरावी. बोनस उंबरठ्यावर अडकलेला नसेल तर तापात गाडी काढण्याचं एक मोठं कारण उरत नाही.

औदुंबर
मग ऑफिसातली सक्तीची क्रमवारी घ्या. दहाजणांच्या गटात एकाला तळाची श्रेणी द्यायचीच असेल, तर नव्या माणसाला काम शिकवणारा स्वतःचाच प्रतिस्पर्धी तयार करतो. तिथे पगार चोख असतो, करार स्वच्छ असतो, तरी कोणी कोणाला काही सांगत नाही. 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र तपासले गेले. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त आढळली. हे संबंध कोणत्या करारात लिहिणार?

रोखठोक
लिहायचे नाहीतच. क्रमवारी काढून टाका, त्यावर माझा वाद नाही. पण आजाऱ्याला उचलणं, अंघोळ घालणं, रात्रपाळी ही कामं पगारी माणसाकडे द्या. मग घरच्यांकडे त्याच्याजवळ बसून बोलायला ताकद उरते.

मैत्रेयी
ज्यांना तो पगार परवडत नाही, त्यांच्या रात्रपाळीचे पैसे कोण भरणार?